दिवाळीच्या तोंडावर गळाला मासा लागेना? रोहू सोडा, मरळ धरा

कोजागिरीनंतर आमच्या मराठवाड्यातल्या तलावांवर हेच चालू असतं, सकाळपासून बसलो, कणकेचे गोळे संपले, रोहू नाही, कटला नाही. मग कुणी सांगतं कणकेत हिंग घाला, कुणी सांगतं इसेन्स घाला. कृपा करून असल्या सल्ल्यांवर पैसे घालवू नका. या दिवसांत दुपारी ऑक्टोबर हीट आणि रात्री गारवा असतो, वरचं पाणी रात्री गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळाचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर ढवळून येतं, अशा पाण्यात रोहू-कटला तोंडच उघडत नाहीत, आमिष कसलंही लावा.

मरळीचं तसं नाही. ती पाण्याबाहेरची हवा घेते, आणि घ्यावीच लागते, नाहीतर गुदमरून मरते. म्हणून तलाव कितीही बंद पडलेला असो, मरळ वर येणारच.

आधी तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सोसायटीकडं आहे त्यांना विचारा. सामान म्हणजे कडक रॉड, 30-40 पाउंड ताण झेलणारा विणलेला (ब्रेडेड) दोरा, रबरी बेडूक म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, बास. जागा बेशरमाच्या झुडपांची किंवा पाणकणसाच्या कडेची, जिथं पाणी गुडघा-मांडीएवढं आहे.

आता खरं काम. गेल्या गेल्या गळ टाकू नका. अर्धा तास नुसतं बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, पाय आपटू नका. मरळ वर आली की 'गप' असा आवाज येतो आणि पाण्यावर गोल उठतो, ती जागा डोक्यात ठेवा, थोड्या वेळानं ती तिथंच आसपास परत येते. बेडूक त्या गोलाच्या पाच-सहा फूट पलीकडं टाका आणि हळूहळू त्यावरून आणा. डोक्यावर टाकला की गेलीच ती.

आणि झटका, म्हणजे गळ रुतवायला रॉड जोरात ओढणं. इथं माझे पूर्ण दोन सीझन वाया गेलेत. बीडकडच्या एका पाझर तलावावर एका सकाळी सात वेळा मरळीनं बेडकावर झडप घालून पाणी उडवलं आणि सातही वेळा मी आवाज ऐकताच रॉड ओढला, बेडूक उडून माझ्याकडंच यायचा. मरळ आधी बेडूक नुसता तोंडात धरते आणि खाली जाते, गळ तेव्हा लागलेलाच नसतो. आवाज झाला की हात थांबवा, रॉडचं टोक खाली करा, मनात एक-दोन-तीन म्हणा, दोरा ताणला गेला, ओझं हाताला जाणवलं, मगच पूर्ण ताकदीनं झटका मारा. "लगेच मारा" म्हणणाऱ्यानं मरळ धरलेली नाही असं मी ठामपणे सांगतो. एकदा लागली की मात्र ढील देऊ नका, ढील मिळाली की ती झुडपात शिरते आणि दोरा गुंतवते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, पाण्यावर बारीक लालसर पिलांचा थवा हलताना दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते चिडून लगेच झडप घालतात, म्हणून लोकांना ती सोपी शिकार वाटते. पण मोठी मरळ गेली की ती सगळी पिलं बाकीचे मासे खाऊन टाकतात.

गळ पक्कडनं काढा, दात बारीक पण धारदार असतात. मासा ओल्या पोत्यात घालून तोंड बांधा, उघडा ठेवला तर सरपटत परत पाण्यात जातो.