नवी पिकअप अडखळते, गिअर झटके देतो: आधी काय तपासावं?

नव्या पिकअपमध्ये या दोन तक्रारी बऱ्याचदा जोडीनंच येतात. रेस दिली तरी गाडी क्षणभर थबकते आणि ऑटोमॅटिक गिअर बदलताना धक्का बसतो. ‘गिअरबॉक्स गेला’ असं लगेच ठरवू नका. गिअर बदलतेवेळी गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनाला क्षणभर जोर कमी करायला लावतो, इतकं या दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं. म्हणून इंजिनाचं मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) गिअरच्या झटक्यासारखं वाटतं आणि गिअरबॉक्सचा दोष इंजिनाच्या माथी जातो. पार्ट बदलण्याआधी दोष कोणाचा, हे वेगळं काढा.

पहिलं काम नोंदीचं. झटका बसला की लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की तापलेलं, वेग आणि आरपीएम किती, कितव्या गिअरमधून कितव्यात जाताना, गाडी रिकामी होती की भरलेली, चढ होता का. शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांना मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर रेस कमी करा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवा. अशा वेळी मिसिंगमुळे न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होऊ शकतो. दिवा नुसता लागून राहिला असेल तर स्कॅनर लावा. डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट त्यासाठीच असतं. स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो: पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडरांत किंवा अनियमित मिसिंग, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी. पी०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरनं दोष नोंदवला आहे. नेमका कोणता, ते कळायला तो कंट्रोलर वाचू शकणारा स्कॅनर लागतो. कोड पुसू नका, बॅटरीची वायरही काढू नका. दोष आला त्या क्षणाची नोंद त्यासोबत जाते. काही गाड्यांत गिअरबॉक्सनं शिकून घेतलेली जुळणीही पुसली जाते आणि झटके काही काळ वाढतात.

आता खरी परीक्षा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून ठेवा आणि हळूहळू रेस वाढवा. गिअर बदलत नसतानाही गाडी अडखळली, तर संशय इंजिनावर किंवा इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवर. सम वेगात, हलक्या रेसवर रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर मागे वाहन नाही ना ते पाहा आणि रेस तशीच ठेवून ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत त्यानं टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा त्यातला क्लच) सुटतं. थरथर तत्क्षणी थांबली, तर रोख कन्व्हर्टरच्या लॉककडे किंवा ट्रान्समिशन ऑइलकडे जातो.

इंजिनाच्या बाजूला एअर फिल्टर, त्यापुढच्या होजची चीर आणि सैल क्लॅम्प आधी बघा. एअरफ्लो सेन्सरनंतर आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून एवढीशी चीरही पुरते. डिझेल गाडीत फिल्टरमधलं पाणी तपासा. बॅटरी कमजोर असेल तरी कंट्रोलर विचित्र वागतात.

ट्रान्समिशन ऑइल मात्र अंदाजानं टाकू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत त्याची डिपस्टिकच नसते आणि पातळी ठरावीक तापमानालाच मोजायची असते. ग्रेडही मॅन्युअलमध्ये दिलाय तोच हवा.

पिकअपच्या बाबतीत आणखी एक जागा आहे, आणि ती हमखास दुर्लक्षित राहते. गाडी थांबल्यावर किंवा थांबून निघताना मागून ‘ठक’ आवाज येतो आणि आपण गिअरला दोष देतो. पुष्कळदा तो प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, स्लिप जॉइंट (मागेपुढे सरकणारा सांधा) असतो. थांबताना-निघताना मागचे पाटे (स्प्रिंग) दबतात-उठतात, तेव्हा हा जॉइंट सरकायला हवा. तो अडकून सुटला की ठोका बसतो. युनिव्हर्सल जॉइंटचे (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याचे) क्रॉस झिजले असतील तरी असंच होतं. कोरड्या, टणक रस्त्यावर पार्ट-टाइम (गरजेपुरता लावायचा) फोर-व्हील ड्राइव्ह लावलेला राहिला तर वळताना गाडी आखडते, तेही पाहून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर सॉफ्टवेअरकडे वळा. आठ-दहा गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी आणि किती जोरानं बदलायचा, ते प्रोग्रॅम ठरवतो आणि कंपन्या तो सुधारत राहतात. तुमच्या मॉडेलसाठी अपडेट किंवा सर्व्हिस बुलेटिन (कंपनीनं सर्व्हिस सेंटरला दिलेली दुरुस्तीची सूचना) आहे का, हे चासी नंबर देऊन विचारा. अपडेटनंतर गिअरबॉक्सला जुळणी पुन्हा शिकू द्या.

गाडी वॉरंटीत असेल तर जॉब कार्डावर ‘गिअर खराब’ असं मोघम लिहू देऊ नका. ‘सकाळी थंड असताना, हलक्या रेसवर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका’ असं लिहून घ्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून दाखवा. दोष थंड इंजिनावरच येत असेल तर गाडी आदल्या रात्री तिथेच ठेवा, म्हणजे सकाळी पहिला स्टार्ट त्यांच्यासमोर होईल. दोष सापडला नाही म्हणाले, तर तेही लेखी घ्या.