आपल्या समाजावरचा सिनेमा आपल्याच लोकांसोबत कसा बघायचा आणि नंतर बोलायचं कसं

हिंदी सिनेमातला ख्रिश्चन म्हटलं की काय येतं डोळ्यासमोर? गळ्यात क्रॉस, हातात बाटली, प्रत्येक वाक्याला शेपटासारखं 'मॅन', आणि बाई असेल तर फ्रॉक घालून साहेबाच्या केबिनबाहेर टायपिंग करणारी नाहीतर क्लबात नाचणारी. आता वसईत या. इथल्या कुपारी, म्हणजे वसईतल्या मराठी कॅथलिक समाजातली आजी लाल लुगडं नेसते, घरात कादोडी ही इथली बोली बोलते, तिच्या घरची फुलं आणि भाजी वर्षानुवर्षं लोकलने दादरला गेलीये. २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. यातलं काही पडद्यावर शोधून बघा, सापडलं तर मला नक्की सांगा.

तर असे सिनेमे एकत्र बसून बघायचे आणि त्यावर बोलायचं असं आम्ही इथे करतो, आणि बरेच जण विचारतात की कसं करायचं, कारण अशा चर्चेचं एकतर भांडण होतं किंवा सगळे 'छान होता' म्हणून चहा पिऊन घरी जातात. मी ख्रिश्चनांचं उदाहरण घेऊन सांगते, तुमचा समाज दुसरा असेल तर नावं बदलून घ्या.

पहिली गोष्ट सिनेमा निवडण्याची. सगळ्यात वाईट सिनेमा अजिबात घेऊ नका. त्यात पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत होतं, राग येतो आणि विषय संपतो. असा घ्या जो लोकांना आवडतो आणि तरी कुठेतरी टोचतो. आमच्यासाठी तो १९७७ चा 'अमर अकबर अँथनी'. अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो, पितो, मार खातो, म्हणजे ठरलेला साचा सगळा आहेच, पण तोच माणूस हिरो आहे, देवाला मानणारा आहे, अडल्यानडल्याला धावणारा आहे, आणि कित्येक कॅथलिक घरांत तो आपला पोरगा असल्यासारखा लाडका आहे. लोकांना त्याच्यावर प्रेमही करायचंय आणि तक्रारही करायचीये, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून येतात तेव्हा चर्चा खरी सुरू होते. (आणि हो, तो जन्माने हिंदू असतो, फादरकडे वाढलेला असतो, यावर आमच्या म्हाताऱ्या मंडळींना बोलायला भरपूर असतं.)

हॉलमध्ये दाखवणार असाल तर सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या. घरी ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे म्हणजे सार्वजनिक शो करता येतो असं नसतं.

मग बोलवायचं कुणाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन जेमतेम १ टक्का, गोव्यात २५ टक्के. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या फिल्म क्लबात चाळीस जणांमध्ये एखादाच ख्रिश्चन असणार, आणि सिनेमा संपला की सगळे त्याच्याकडे वळून विचारणार, 'तुम्हाला काय वाटतं?' हे करू नका प्लीज, फार वाईट अवस्था होते. त्याला एकट्यालाच सगळ्या समाजाच्या वतीने बोलायला लागतं आणि मग तो सगळ्यात सोपं उत्तर देतो, 'नाही नाही, आम्हाला काही वाटत नाही'. निदान पाच-सहा जण तरी हवेत, आणि तेही एकाच साच्यातले नकोत. गोवेकर, मंगलोरी, मुंबईचे ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक), वसईचे कुपारी, नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट, हे एकमेकांपेक्षा इतके वेगळे आहेत की पहिला वाद त्यांच्यातच होतो, आणि तो होऊ द्यायचा. नगरच्या माणसाला पडद्यावरचा गोवेकर बघून 'हे माझं नाहीच' वाटतं, गोवेकराला वाटतं 'माझं होतं पण वाकडं करून दाखवलं', ही दोन वेगळी दुःखं आहेत.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला कागद द्या, नाव लिहायचं नाही, फक्त बघताना जिथे आतून काही हललं तिथला सीन दोन शब्दांत लिहायचा. हसू, राग, लाज, अभिमान, काहीही. हे फार कामाचं आहे कारण नंतर चर्चेत जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होऊन बसतं, कागदावर मात्र ज्याचं त्याचं राहतं.

नंतर 'अपमान वाटला का?' हा प्रश्न पहिला विचारू नका. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे आणि दोन्हीकडे गट पडतात. विचारा, 'ओळखीचं काय दिसलं?' आणि मग 'कुठे ओळख तुटली?' असं विचारलं की लोक सीनवर बोलतात, सिनेमा चांगला की वाईट यावर नाही. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या गाण्यावर हॉल टाळ्या वाजवतो, त्याच वेळी कुणीतरी म्हणतं की शाळेत मला याच गाण्यावरून चिडवायचे. इथे थांबा आणि खऱ्या अँथनी गोन्साल्विसबद्दल सांगा. ते गोव्यातल्या माजोर्डा गावचे, व्हायोलिन वाजवायचे, सिनेमाच्या गाण्यांची अरेंजमेंट करायचे, म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते ठरवायचे, याच सिनेमाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी, आणि त्या गाण्यातलं नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. शंकर-जयकिशनची अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच, सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट पण गोव्याचेच. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातलं अर्धं ऑर्केस्ट्रा या लोकांच्या जिवावर उभं होतं आणि त्याच सिनेमाच्या पडद्यावर त्यांच्या समाजाला मिळालं काय, तर दारुडा मायकल. हे सांगितल्यावर माझ्या अनुभवात चर्चा एकदम बदलते. 'आम्हाला वाईट दाखवलं' इथून लोक 'आम्ही इथेच होतो आणि दाखवलंच नाही' इथे येतात, आणि मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

काही ठरलेले प्रश्न हाताशी ठेवा. मुस्लिम पात्रं साच्यातलीच दाखवलीत का हे तपासायला ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये 'रिझ टेस्ट' निघाली, अभिनेता रिझ अहमदच्या २०१७ च्या संसदेतल्या भाषणावरून सुचलेली, पाच प्रश्नांची. आम्ही त्यावरून आपले बनवले. बाटली काढून घेतली तर पात्रात काय उरतं? तो कुठलं काम करताना प्रत्यक्ष दिसतो की नुसतं सांगितलंय? त्याच्या घरात अजून कोण आहे, शेजारी कोण आहेत, की तो आभाळातून पडलाय? चर्च फक्त लग्न, मयत आणि कन्फेशनपुरतं येतं का? घरातली माणसं आपसात बोलतात ती भाषा खरी वाटते का? या पाचांवर मार्क देत बसू नका, बोलायला सुरुवात म्हणूनच वापरा.

आता अडचणी. घरातले मोठे म्हणतील, 'निदान दाखवतात तरी, कशाला तक्रार', तरुण पोरं चिडतील. दोघांनाही थांबवू नका पण मोठ्यांना एक विचारा, तुमच्या तरुणपणी हा सिनेमा लागला तेव्हा कुठे बघितला, कुणासोबत, आणि मग त्यांच्या उत्तराच्या आत तक्रार पण सापडते. कुणी म्हणेल की आपल्यातली व्यसनं, हुंडा, जात हे बाहेरच्यांसमोर चव्हाट्यावर आणू नका. ही भीती खरी आहे, तिला हसू नका. ज्या समाजावर दहा वर्षांत एखादाच सिनेमा येतो त्याला त्या एकाच सिनेमाने सगळं नीट सांगावं असं वाटणारच. आणि बहुसंख्य समाजातले मित्र 'अहो मजेत घ्या की' म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा की आधी पंधरा मिनिटं फक्त ऐका, मग बोला. हा नियम सुरुवातीलाच जाहीर केला तर कुणाला लागत नाही.

शेवटी दुसरा शो ठेवा, समाजातल्या माणसाने केलेल्या सिनेमाचा. कोंकणी सिनेमा १९५० पासून आहे, जेरी ब्रागांझांचा 'मोगाचो आंवडो' पहिला, पण आजच्या प्रेक्षकांसाठी बार्ड्रॉय बार्रेटोंचा 'नाचुंया कुम्पासार' घ्या, गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी यांच्या जुन्या कोंकणी गाण्यांवर बांधलेला. त्यात पण क्लब आहे, बँड आहे, फ्रॉक आहे, म्हणजे ज्याच्यावर पहिल्या चर्चेत आक्षेप आले ते सगळं आहे, आणि तरी लोक रडतात, सोबत गातात, कारण ती माणसं कुणाची तरी विनोदी सोबत म्हणून आलेली नाहीत, त्यांना स्वतःला काहीतरी हवंय, ती हट्टी आहेत, चुकतात. पहिल्या शोचे कागद जपून ठेवलेत ना, ते आता परत वाटा, कुणाचाही कागद कुणालाही, आणि मोठ्याने वाचायला सांगा. सबटायटल्स आधी एकदा चालवून बघा, मागच्या रांगेतून वाचता येतात की नाही ते.