कुत्रा घरी आणण्याची तयारी: आधी घर तपासावे, मग पिल्लाची आई पाहावी

ज्या घरात कुत्रा आणण्याचे ठरत आहे, त्या घराने यादीत पहिली नोंद जातीची करू नये, वेळेची करावी. सकाळी सहाला फिरायला कोण नेणार, दुपारी घरात कोण असणार, रात्री जेवणानंतर पुन्हा खाली कोण उतरणार आणि दिवाळीत सगळे गावी गेल्यावर कुत्रा कोणाकडे राहणार, या चार प्रश्नांसमोर प्रत्यक्ष माणसाचे नाव लिहावे. ‘आपण सगळे मिळून करू’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शी-शूसाठी न्यावे लागते आणि दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे लागते, त्यामुळे ज्या घरातील सगळी माणसे सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परततात, त्या घराने पिल्लाचा विचार तूर्त सोडून द्यावा. मुलांच्या हट्टाचा हिशेबही याच वेळी करावा, कारण आज पाचवीत असलेले मूल कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जाईल तेव्हा कुत्रा सात-आठ वर्षांचा असेल आणि त्याची म्हातारपणाची वर्षे आई-वडिलांनाच सांभाळायची असतील.

त्यानंतर कागदपत्रे पाहावीत. गृहनिर्माण संस्थेला सभासदाने कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही सचिवांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले केव्हाही चांगले. घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी, कारण अकरा महिन्यांनी घर बदलताना कुत्र्यासह घर मिळाले नाही म्हणून सोडून दिलेले प्राणी निवारा केंद्रांत नेहमी दिसतात. मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आता जातीचा प्रश्न. येथे मी हवामानाला सर्वांत आधी स्थान देईन. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील आणि श्वासमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून शरीर थंड ठेवतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम असते. सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांच्या अंगावर बर्फाळ प्रदेशासाठी तयार झालेली दाट केसांची दुहेरी आवरणे असतात. चोवीस तास एसी लावून त्यांना जगवता येते हे खरे. परंतु हस्कीसारख्या ज्या कुत्र्याला मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडवले, त्याला वर्षातील आठ महिने एका खोलीत ठेवणे म्हणजे त्याची सोय करणे नव्हे. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू या आखूड नाकाच्या जातींची अडचण वेगळी आहे. त्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो, त्यामुळे झोपेत येणारा तो घुर्र-घुर्र आवाज, ज्याचे आपण कौतुक करतो, तो बहुधा श्वास अडखळत असल्याचा आवाज असतो. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकल्यानंतर 2003 पासून देशभर या कुत्र्यांची मागणी वाढली, आणि मागणी वाढली की घाईघाईत पैदास होते, ही साखळी त्यानंतर इतर जातींच्या बाबतीतही दिसली आहे.

लॅब्राडॉर मनमिळाऊ म्हणून सर्वत्र सुचवला जातो आणि तो तसा असतोही, मात्र तो तीस किलोच्या आसपास जातो, खाण्याच्या बाबतीत त्याला थांबणे ठाऊक नसते आणि खुब्याच्या सांध्याचा दोष त्याच्यात व जर्मन शेफर्डमध्ये वंशपरंपरेने येतो. चौथ्या मजल्यावर लिफ्टविना राहणाऱ्या कुटुंबाने बारा वर्षांच्या, मागचे पाय गेलेल्या लॅब्राडॉरला उचलून जिना उतरण्याची कल्पना आताच करून पाहावी. बीगलला गंधामागे धावण्यासाठी आणि धावताना ओरडण्यासाठीच घडवले आहे, तेव्हा त्याच्या भुंकण्याची तक्रार नंतर करण्यात अर्थ नाही. डॅशहुंडची लांब पाठ सोफ्यावरून उड्या मारण्याने दुखावते. कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान आपल्या पावसाळ्यात सतत चिघळतात. रॉटवायलर, पिटबुल यांसारख्या जातींचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 रोजी 23 जातींवर बंदी घालण्यास सांगणारे परिपत्रक काढले होते आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. कायदा कोणत्याही बाजूला झुकला, तरी अशा ताकदीचा कुत्रा हा पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याचा कुत्रा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मातीतील पर्यायांकडे मराठी घरांचे लक्ष उशिरा जाते. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडे विजयपूर-बागलकोट या पट्ट्यात धनगर आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कारवान जातीचा कुत्रा पाळत आले आहेत. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्यामुळे त्याला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले आणि 2005 मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढले. उन्हाची सवय, आखूड केस आणि काटक शरीर हे त्याचे गुण, तर हलणारी वस्तू दिसताच सुसाट सुटणे आणि परक्याला जवळ न येऊ देणे हा त्याचा स्वभाव. बंदिस्त शेत किंवा मोठे आवार असेल तर कारवान उत्तम. वन बीएचकेमध्ये मात्र तो कोंडल्यासारखा होतो, आणि घरात मांजर असेल तर त्याचे नाव काढू नये. ज्यांना राखणीला भुंकणारा, मध्यम आकाराचा, आपल्या हवेत रुळलेला कुत्रा हवा, त्यांच्यासाठी ज्याला आपण गावठी किंवा देशी म्हणतो तो कुत्रा सर्वांत योग्य ठरतो, कारण त्याची निवड शेकडो पिढ्या या हवेने आणि या रस्त्यांनी केलेली आहे.

इतका विचार झाल्यावरही विशिष्ट जातीचेच पिल्लू हवे असेल, तर ब्रीडरकडे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडे, जाण्याची तयारी वेगळी करावी लागते. 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असावी लागते, दीड वर्षाच्या आतील आणि आठ वर्षांवरील मादीची वीण घेता येत नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा अधिक वेत घेता येत नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. ही कलमे पाठ करून जावे आणि नोंदणी क्रमांक फोनवरच विचारावा. प्रत्यक्ष भेटीत मात्र एकच गोष्ट ठामपणे मागावी, ती म्हणजे पिल्लाची आई पाहणे. ‘आई फार्मवर आहे’, ‘तिला आत्ताच दुसरीकडे हलवले’, ‘ती अनोळखी माणसावर चिडते’ यांपैकी कोणतेही उत्तर मिळाले तर तेथून निघावे, पिल्लू कितीही गोंडस असो.

आई समोर आल्यावर घाई करू नये. अलीकडेच व्यालेल्या कुत्रीचे स्तन ओघळलेले दिसणे आणि तिची फासळी थोडी जाणवणे स्वाभाविक आहे. पण केस गळून उघडी पडलेली त्वचा, पिंजऱ्याच्या जाळीवर घासून घट्टे पडलेले कोपर, मालकाचा हात उचलला जाताच खाली दबणारी मान, या खुणा वेगळे काही सांगतात. ती मालकाकडे स्वतःहून जाते का, ओळख झाल्यावर पाहुण्याचा हात हुंगते का, हे पाहावे, कारण पिल्लाचा स्वभाव बऱ्याच अंशी आईकडून आणि पहिल्या आठ आठवड्यांतील सहवासातून येतो. नंतर पिल्लांकडे वळावे. डोळ्यांत चिपडे, शेपटीखाली चिकटलेली विष्ठा, बारीक अंगावर फुगलेले पोट, फिकट हिरड्या, कानाच्या आत गोचीड, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर पशुवैद्याने तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोपऱ्यात गप्प बसलेल्या पिल्लाची दया येऊन तेच उचलण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवात पुष्कळदा अशाच गप्प बसण्याने होते.

जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, प्रकृती सांगत नाहीत, म्हणून मोठ्या जातींच्या बाबतीत आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे वेगळे मागावेत. ‘इम्पोर्टेड’ म्हणून जास्त किंमत सांगितली जात असेल तर आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये, कारण व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यावर 2016 मध्ये बंदी घालण्यात आली होती. बाजारातील पिंजऱ्यातून किंवा फोटो पाहून घरपोच मागवलेल्या पिल्लाचा विचार या यादीत मी मुळीच धरलेला नाही.

निवारा केंद्रात जाण्याची तयारी म्हणजे दयाबुद्धी घेऊन जाणे, असा एक समज आहे आणि त्यामुळे तेथे लोक प्रश्न विचारण्यास संकोचतात. संकोचू नये. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंबईत 1985 पासून काम करणारी वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज यांसारख्या संस्था दत्तक देण्याआधी कुटुंबाची चौकशी करतात, तशीच चौकशी कुटुंबानेही करावी. कुत्रा कोठून आला, अपघातातून की घरातून सोडला गेला, लहान मुलांसोबत राहिला आहे का, दुसऱ्या कुत्र्यांशी जेवणाच्या वेळी कसा वागतो, गोचीडताप किंवा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार होऊन गेला आहे का, नसबंदी झाली आहे का, हे सारे विचारावे. नोंदवही पाहणाऱ्या कार्यकर्त्याइतकाच, किंबहुना अधिक, उपयोगी माणूस म्हणजे रोज सकाळी पिंजरे धुणारा आणि जेवण वाढणारा कामगार. कोणता कुत्रा भांड्यावर गुरगुरतो, कोणता फटाक्यांनी थरथरतो आणि कोणता माणूस आला की आधी पाठ करून बसतो, हे त्याला अचूक ठाऊक असते.

पिंजऱ्यातील कुत्रा खरा कुत्रा नसतो. सभोवती वीस-तीस जण भुंकत असताना शांत जनावरही जाळीवर झेपावते आणि खेळकर जनावरही मागे जाऊन निजते. म्हणून परवानगी घेऊन त्याला पट्ट्यावर बाहेर काढावे, रस्त्याच्या कडेला सावलीत नुसते बसावे आणि हातावरचा खाऊ घ्यायला त्याला किती वेळ लागतो ते पाहावे. पहिल्या पाच मिनिटांत घेतला तर ठीक. अर्ध्या तासाने घेतला तरीही ठीक, मात्र मग त्या घराला संयम लागेल हे लिहून ठेवावे. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, घरातील सगळ्या माणसांसह पुन्हा जावे. अनेक संस्था काही दिवसांसाठी फॉस्टर म्हणून कुत्रा घरी नेऊ देतात, त्या सोयीचा अवश्य लाभ घ्यावा.

माझा कल विचाराल तर दिवसभर नोकरी करणाऱ्या, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाने दोन-तीन वर्षांचा, नसबंदी झालेला, स्वभाव उघड झालेला देशी कुत्रा दत्तक घ्यावा, आणि दुपारी एकदा येऊन त्याला बाहेर नेणारे माणूस लावून द्यावे. पिल्लाच्या बाबतीत जे अंदाज असतात ते येथे माहितीत बदललेले असतात. आकार कळलेला असतो, आवाज कळलेला असतो, मुलांविषयीचे धोरण कळलेले असते. ब्रीडरकडे जाणे गैर नाही, परंतु ते ज्यांना एखाद्या जातीचे काम खरोखर करून घ्यायचे आहे आणि त्या जातीचे आजार सांभाळण्याची आर्थिक तयारी आहे अशांनी करावे.

घरी आणण्याच्या आधीच्या आठवड्यात पशुवैद्य ठरवून ठेवावा आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखानाही शोधून ठेवावा. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची संयुक्त लस आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस आणि पावसाचे पाणी साचणाऱ्या भागात लेप्टोची लस, असा क्रम पशुवैद्याकडून लिहून घ्यावा. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर चालवू नये. घरात पूर्वी पार्व्होने पिल्लू दगावले असेल तर हे पशुवैद्याला आधीच सांगावे, कारण तो विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. स्वयंपाकघरात बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर हलवावेत. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो, हे घरातील आजी-आजोबांना प्रेमाने पण नीट समजावून सांगावे. कुत्रा जेथून आणला तेथे तो जे खात होता तेच पहिला आठवडाभर द्यावे आणि नवे अन्न त्यात थोडे थोडे मिसळत जावे. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लाचे डोके जात असेल तर जाळी त्याला आणण्यापूर्वीच बसवून घ्यावी.