मेंदूचा कॅन्सर, शेवटचे आठवडे: घरी काय तयार हवं

ग्लायोब्लास्टोमाचं, म्हणजे मेंदूच्या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरचं, ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइडची केमो सगळं होऊन डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणतात, त्याच भेटीत एक प्रश्न विचारून घ्या. गिळणं बंद झाल्यावर फिटचं औषध कसं द्यायचं? बेड, नर्स यांचं नंतर बघता येतं, याचं नाही. आमच्याकडे नेमकं हेच राहिलं होतं.

या आजारात झोप वाढत जाते, शब्द सापडेनासे होतात, एक बाजू लुळी पडते आणि एक दिवस साध्या पाण्याने ठसका लागतो. तोवर फिटसाठीची लेव्हेटिरासिटॅमची गोळी बिनबोभाट चाललेली असते, म्हणून कुणाच्या मनातही येत नाही. ठसका लागला की गोळीचे दिवस संपत आले समजा. ती पोटात गेली नाही तर फिट येऊ शकते. म्हणून कातडीखालच्या सुईने देता येईल असं औषध आधीच ठरवून घ्या आणि फिट थांबवणारा मिडाझोलामचा नाकातला स्प्रे चिठ्ठी घेऊन आजच आणा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तो असेलच असं नाही, आणि रात्री दोन वाजता शोधायची ती वस्तू नव्हे. किती फवारे, किती वेळाने, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद स्प्रेलाच रबराने बांधा. रात्रीच्या मावशींनाही दाखवा. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर स्प्रे. डॉक्टरांनी त्याआधी द्यायला सांगितलं असेल तर त्याआधी.

डेक्सामेथासोन मनाने बंद करू नका. मेंदूची सूज त्यानेच आवरलेली असते, एकदम थांबवलं तर डोकेदुखी आणि उलट्या उसळतात. ते कधी, कसं कमी करायचं हे डॉक्टरच सांगतील. स्वभावही बदलतो, शांत माणूस शिव्या देतो. तो आजार बोलत असतो, मनाला लावून घेऊ नका.

हवेची गादी, डायपर, दोन तासांनी कूस. हे सगळे सांगतातच.

मॉर्फिनला घाबरू नका. ते दुखण्यावर आणि धापेवर असतं, ठरल्या मात्रेत दिल्याने मरण ओढवत नाही. मात्र ते मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळतं, म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, टीमकडे नाव आधी नोंदवा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन. टीमचा रात्रीचा नंबर घ्या आणि तोही स्प्रेच्या कागदावरच लिहा. स्प्रे आणला का? अजून नसेल तर पुढचं नंतर वाचा.

नातेवाईक म्हणतील, सलाइन लावा, दोन घास तरी भरवा. भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसत राहा. बोलत राहा, ऐकू येत असेल असंच धरून.

शेवटच्या दिवसांत श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला असह्य, पेशंटला बहुधा कळतही नाही. कूस बदला, टीमला फोन करा. पाय गार, निळसर. लघवी कमी.

घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला म्हणजे नमुना 4 अ कोणते डॉक्टर देतील, हे आत्ताच विचारा. आधार कार्ड, फाइल एका पिशवीत. नोंदणी 21 दिवसांत. उरलेलं मॉर्फिन टीमला परत.