ड्रेसाज शिकताना या चुका टाळा: गुण गळतात ते लगामात आणि मैदानाच्या मापात

ड्रेसाज म्हणजे आखलेल्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याची स्पर्धा, आणि टेस्ट म्हणजे त्या हालचालींचा ठरलेला क्रम. सुरुवातीच्या टेस्टमध्ये अवघड असं फार काही नसतं. वॉक (चालणं), ट्रॉट (दुडकी), कँटर (मंद दौड), 20 मीटरची वर्तुळं, मधल्या रेषेवरून सरळ येऊन थांबणं आणि सलाम. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण. तरीही बऱ्याच हौशी स्वारांची गाडी पाच-साडेपाचावर अडकते आणि दोष घोड्यावर जातो. खरी गडबड बहुतेक वेळा हातात असते. पायांनी आणि बैठकीने करायचं काम लगामाने उरकायला गेलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप होतात.

मान वाकली म्हणजे घोडा तयार झाला, हा गैरसमज

आपल्याकडे वरातीतला, मिरवणुकीतला नाचरा घोडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. हनुवटी छातीला, तोंडाला फेस, हलगीवर पाय आपटणं चालू. ड्रेसाज म्हणजे हेच, फक्त कोट-टोपी घालून, असं समजून शिकायला आलेला स्वार पहिल्या दिवसापासून घोड्याचं तोंड आत ओढायला लागतो.

नियम याच्या उलट सांगतात. दोन कानांमागचा उंचवटा हा मानेचा सर्वांत उंच भाग असावा आणि नाकाची रेषा उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावी. तोंड ओढून मान आखडली की पाठ ताठ होते आणि मागचे पाय पोटाखाली येत नाहीत. मग घोडा एक तर सगळा भार तुमच्या हातावर टाकतो, नाही तर बिटच्या, म्हणजे तोंडातल्या धातूच्या दांडीच्या, मागे लपून बसतो. हातात लगाम हलका लागतो, स्वाराला वाटतं जमलं. गुणपत्रिकेवर मात्र ‘पाठ ताठ, नाक उभ्या रेषेच्या आत’ असा शेरा पडतो.

तपासायची रीत सोपी आहे. 20 मीटरच्या वर्तुळावर ट्रॉटमध्ये दोन्ही हात आयाळीकडे वीतभर पुढे न्या आणि तीन पावलं तसेच ठेवा. घोडा लगेच वेग घेऊ लागला तर इतका वेळ तुम्ही त्याला हातांनी धरून ठेवलं होतं. मग ट्रॉट-वॉक-ट्रॉट अशी बदली दर 10-12 पावलांनी करत राहा, वेग बैठकीने आवरायला शिका. डोकं झटक्यात वर गेलं तर पाठ अजून मोकळी झालेली नाही. वर्तुळ मोठं ठेवून आतल्या पायाने त्याला बाहेरच्या लगामाकडे ढकला, आतल्या लगामाला ओढ नको. लय तीच ठेवून त्याने मान पुढे-खाली लांबवली तर काम बरोबर चाललंय.

हाफ-हॉल्ट, म्हणजे चाल न मोडता घोड्याला क्षणभर सावरण्याचा इशारा, बिघडतो तोही इथेच. बैठक खोल, पोटऱ्या हलक्या मिटलेल्या, बोटं एका पावलापुरती घट्ट, आणि लगेच सैल. शेवटचं सैल करणं राहून जातं. मग तो हाफ-हॉल्ट उरत नाही, नुसती ओढाताण होते, आणि आठवड्याभरात घोडं तोंडाने बधिर होतं.

घोडा हाताला जड लागतो म्हणून कडक बिट घालणं हा उपाय नव्हेच. काटेरी लगामाला तर केंद्र सरकारच्या 1965 च्या नियमांनीच बंदी आहे. साधं, गुळगुळीत, एका किंवा दोन सांध्यांचं स्नॅफल बिट पुरतं. ते तोंडाच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर बाहेर दिसावं. नोजबँड (नाकावरचा पट्टा) आवळताना दोन बोटं नाकाच्या हाडावर घालून पाहा. गालाच्या बाजूला बोटं नेहमीच जातात, त्यावरून काही कळत नाही. घोडा डोकं एका बाजूला कलवत असेल, तर प्रशिक्षण वाढवण्याआधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. दाढांच्या धारदार कडा गालाला लागत असतील तर कितीही कुशल हात कामाचा नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण तो आणतात. लगाम ताणला की वेग घ्यायचा, हे त्याला शिकवलेलं असतं, आणि आखूड रिकिबीच्या जॉकीमुळे पोटरीचा इशारा त्याला माहीतच नसतो. त्याला आवरायला लगाम ओढणं म्हणजे आगीत तेल. पहिले काही आठवडे वॉकमध्ये भरपूर वळणं, थांबणं, पोटरीला हलकेच बाजूला सरकणं एवढंच ठेवा.

मैदान डोळ्याने मापणं

माळावर चार दगड मांडून सराव करणाऱ्याची वर्तुळं स्पर्धेत अंड्यासारखी निघतात. लहान मैदान 20 बाय 40 मीटर, मोठं 20 बाय 60. काटकोनासाठी कोपऱ्यापासून एका बाजूला 6 आणि दुसऱ्या बाजूला 8 मीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 मीटर भरलं पाहिजे. शेवटी कर्ण मोजा: लहान मैदानाचा 44.72 मीटर, मोठ्याचा 63.25. दोन्ही कर्ण सारखे आले की आखणी पक्की. कबड्डीच्या मैदानाची फक्की इथेही चालते.

मैदानाच्या कडेला ठरलेल्या जागी इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. लहान मैदानावर ए मधून आत येताना डावीकडे के, ई, एच, समोर सी, उजवीकडे एफ, बी, एम. के, एफ, एच, एम ही अक्षरं कोपऱ्यापासून 6 मीटरवर असतात, आणि वर्तुळाचा घोटाळा होतो तो याच आकड्यामुळे. ए वरचं 20 मीटरचं वर्तुळ लांब बाजूला टेकतं ते कोपऱ्यापासून 10 मीटरवर, म्हणजे के आणि एफच्या 4 मीटर पुढे. स्वार मात्र अक्षर दिसलं की तिकडे जातो, मग कोपऱ्यात शिरतो आणि वर्तुळाचा चौकोन होतो. लहान मैदानावर या वर्तुळाचे चार बिंदू आहेत: ए, दोन्ही लांब बाजूंवरचे 10 मीटरचे बिंदू, आणि मैदानाच्या मध्यावरचा एक्स. प्रत्येक बिंदूला एका पावलापुरतं टेकायचं आणि पुढच्याकडे वळायचं. मोठ्या मैदानावर हेच वर्तुळ एक्सपर्यंत जात नाही, मधल्या रेषेवर एलच्या 2 मीटर पुढे संपतं. टेस्ट कोणत्या मैदानाची आहे हे न बघता सराव केला की इथे फसगत ठरलेली.

सरावात चारही बिंदूंवर शंकू ठेवा, दोन आठवड्यांनी दोन काढा, मग सगळे.

आखलेल्या मैदानाचा एक तोटाही आहे. घोडा कडेला चिकटून चालायला शिकतो, खांदा बाहेर आणि पुठ्ठा आत. आठवड्यातून दोन दिवस तरी कडेपासून दीड-दोन मीटर आत स्वारी करा. सरळपणा किती उसना होता ते लगेच दिसतं.

मधली रेष आणि थांबणं

टेस्टची पहिली आणि शेवटची छाप इथेच पडते. वळण उशिरा घेतलं की रेषेच्या पलीकडे जाऊन परत यावं लागतं, आणि सीजवळ बसलेल्या पंचाला तो वळसा समोरून स्पष्ट दिसतो. लांब बाजूवरून मधल्या रेषेवर येणं म्हणजे 10 मीटर व्यासाचं अर्धं वर्तुळ. ते लांब बाजूवर असतानाच मनात सुरू झालेलं हवं. रेषेवर आल्यावर घोड्याच्या मानेकडे बघू नका, सीच्या मागे दूरचं एखादं झाड किंवा खांब पकडा. घोडा डुलत असेल तर लगामाने दुरुस्ती करण्यापेक्षा चाल थोडी पुढे काढा. मंद घोडा जास्त वाकडा चालतो.

थांबण्याचा सराव रोज एक्सवर करू नका. आठवडाभरात घोडा स्वतःच ब्रेक लावायला शिकतो, तेही तीन मीटर आधी.

कँटर चुकीच्या पायावर लागणं

डाव्या हाताला जाताना डावा कँटर (डावा पुढचा पाय आघाडीवर) लागला नाही की चाबूक निघतो. कारण बघा आधी. स्वार पुढे झुकून खाली बघतो, आतला लगाम ओढतो, घोड्याचा बाहेरचा खांदा निसटतो. अशा वेळी तोल सावरायला घोड्याला बाहेरचाच पाय सोयीचा पडतो. कोपऱ्यात शिरण्याआधी ट्रॉट थोडा गोळा करा, तीन पावलं बसून घ्या, आतली पोटरी तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), बाहेरची तंगामागे, आणि नजर वळणाच्या पुढे. चुकीचा लागलाच तर शांतपणे ट्रॉटवर या आणि पुन्हा मागा. मारलेला घोडा पुढच्या खेपेला इशाऱ्याआधीच धावतो.

रायझिंग ट्रॉटमध्ये (खोगिरावरून उठत-बसत केलेल्या ट्रॉटमध्ये) बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं, एवढं पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडू द्या.

रहवाल चालीचा घोडा

मारवाडी, काठेवाडी घोड्याच्या रहवाल (एका बाजूचे पाय जोडीने टाकण्याच्या) चालीची आपल्याकडे हौस मोठी, आणि त्या खेळात ती गुणच आहे. ड्रेसाजचा वॉक मात्र चार स्वच्छ, समान ठोक्यांचा लागतो. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडू लागले की त्या वॉकचे गुण कोसळतात, आणि बऱ्याच टेस्टमध्ये मोकळ्या वॉकचे गुण दुप्पट धरतात. असा घोडा वॉकमध्ये लगाम आखूड केला की जास्त बिघडतो. लांब लगामावर, हलक्या चढावर चालवा. जमिनीवर पावणेदोन हातांच्या अंतराने आडवे बांबू टाकून त्यांवरून वॉक करवा, अंतर घोड्याच्या पावलाप्रमाणे कमी-जास्त करा. मोजा: एक, दोन, तीन, चार. ठोके जोडीने ऐकू आले की थांबा, वळा, पुन्हा सुरू करा. काही घोड्यांत ही चाल रक्तातच इतकी पक्की असते की ते ड्रेसाजसाठी घेऊच नयेत. विकत घेताना वॉक अर्धा तास बघावा. ट्रॉटच्या देखणेपणावर भाळू नये.

चंदी, गवत आणि जमीन

कोल्हापूर भागात हत्तीगवत आणि उसाचं वाडं मुबलक, म्हणून घोड्यालाही तेच. गाई-म्हशींना चालतं ते घोड्याला चालतंच असं नाही. हत्तीगवतात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम अडवतं. त्यावर भरीला गव्हाचा कोंडा टाकला तर त्यातलं जादा फॉस्फरस हाडं आणखी पोकळ करतं. अशा आहारावर महिनोन्महिने राहिलेला घोडा आखडतो, पावलं आखूड टाकतो, कधी तोंडाची हाडं सुजतात, आणि स्वार मात्र त्याला ‘आळशी’ म्हणत टाच मारत असतो. निम्मा तरी चारा वाळलेलं गवत, जोडीला लसूणघास ठेवा. 400 किलोच्या घोड्याला रोज किमान 6 किलो कोरडा चारा हवा, आणि चंदी (दाणा) एका वेळी 2 किलोच्या वर नको. घामाच्या दिवसांत साधारण 30 ग्रॅम साधं मीठ द्या. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा. भरपेट चंदी, दिवसभर उभं आणि दुसऱ्या दिवशी जोराचं काम, यातून पुठ्ठ्याचे स्नायू आखडून घोडा जागीच लाकूड होतो.

जमिनीचं म्हणाल तर उन्हाळ्यात दाबलेला मुरूम दगडासारखा होतो, पावसाळ्यात काळी माती नाल उपटून नेते. दाबलेल्या मुरुमावर 6-8 सेंटिमीटर वाळू आणि मीटरमागे एक सेंटिमीटर उतार ठेवला तर बहुतेक प्रश्न मिटतात. वाळू त्याहून खोल झाली की पायाच्या शिरा दुखावतात. जून ते सप्टेंबर खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग रोज साफ करून कोरडा करा. काळा, घाण वासाचा चिखल निघाला तर कुजायला सुरुवात झालेली आहे. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवा, नाल पडेपर्यंत थांबू नका.

स्पर्धेचा दिवस

स्पर्धा बहुतेक पुण्या-मुंबईकडे. कोल्हापूरहून पुणे साधारण 230 किलोमीटर, वाटेत खंबाटकी घाट. आदल्या दिवशीच पोहोचा. ट्रकमध्ये तोंड उंच बांधू नका. डोकं खाली करता आलं नाही तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा आजार जडतो. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. परगावचं पाणी घोडे हुंगून सोडून देतात. त्यासाठी घरीच आठवडाभर आधी पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावा, तिथेही तोच गूळ घाला. आयोजकांना कोणते दाखले हवेत ते प्रवेशपत्रातून आधीच वाचा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीला दिवस जातात.

पूर्ण टेस्ट घोड्यावर रोज घोकू नका, तो पुढची चाल आधीच करायला लागतो. कागदावर काढा, अंगणात पायी चालून पाठ करा, घोड्यावर फक्त तुकडे घ्या. तयारीला 30 मिनिटं पुरतात, त्यातली पहिली 10 लांब लगामावर वॉक. तापट घोड्याला थोडा जास्त वेळ, थंड घोड्याला कमी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आंतरराष्ट्रीय नियमांत घंटेनंतर 45 सेकंदांत ए मधून आत यावं लागतं, आपल्या स्पर्धेचा वेळ नियमपुस्तकात बघून ठेवा.

चाल विसरलात आणि घंटा वाजली तर घाई नको. थांबा, पंचांकडे जा, कुठून सुरू करायचं ते ऐका. त्या चुकीचे गुण कापले गेलेले असतात. गोंधळून पुढच्या तीन चाली बिघडवल्या तर नुकसान त्याहून मोठं होतं.