ओढही वाटते, चीडही येते: परदेशात राहून मायदेशाच्या संस्कृतीशी नातं कसं हाताळावं

परदेशात काही वर्षं काढली की मायदेशाबद्दल दोन उलट भावना एकाच दिवशी येऊन जातात. रस्त्यात कोणी आपल्या भाषेत बोललं तर जीव सुखावतो आणि त्याच संध्याकाळी घरून आलेल्या फोनवर एखाद्या वाक्याने डोकं फिरतं. मग माणूस स्वतःला विचारतो, आपल्याला आपली संस्कृती आवडते की नाही? या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, कारण तो फार मोठा आहे. माणसं, रीतीभाती, सरकारी कारभार, जुन्या आठवणी आणि स्वतःचा अपराधीपणा या सगळ्यांना आपण ‘संस्कृती’ हे एकच नाव देतो. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून आधी हे गाठोडं सोडायचं.

दोन आठवडे नोंद ठेवा

वहीत लिहा किंवा फोनवर, पण त्याच दिवशी लिहा. मायदेशाशी जोडलेली भावना उसळली की चार गोष्टी टिपायच्या: वेळ, त्याच्या लगेच आधी काय घडलं, भावनेचं नाव एका शब्दात (अभिमान, लाज, राग, हुरहुर, अपराधीपणा, सुटका) आणि ती नेमकी कशाबद्दल होती. दहा-पंधरा नोंदी पुरतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे घटनेऐवजी निवाडा लिहिणं. ‘आमची माणसं अशीच, दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसतात’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘मावशीने फोनवर तीनदा विचारलं की परत कधी येणार, तिसऱ्यांदा विषय तोडून फोन ठेवला’ ही कामाची आहे, कारण तिच्याबाबत काही करता येतं. आनंदाच्या नोंदीही तितक्याच काटेकोर हव्यात. ‘आपुलकी वाटली’ एवढ्यावर थांबू नका. कोणी काय केलं म्हणून बरं वाटलं, ते लिहा.

एखादा विषय फार खोल रुतलेला निघाला तर त्याच्यासाठी वेगळं बसा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात अभ्यासलेली पद्धत सोपी आहे: सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहायचं. लिहून उठल्यावर थोडा वेळ मन जड होतं. म्हणून झोपण्याच्या तोंडावर किंवा कामाला निघताना हे करू नये.

नोंदींचे पाच ढीग करा

माणसं, रीती, व्यवस्था, आठवणी आणि आपण स्वतः. एक नोंद दोन ढिगांत जात असेल तर जिथे राग किंवा ओढ जास्त, तिथे टाका.

‘व्यवस्था’ हा ढीग सगळ्यात आधी बाजूला काढावा. अडलेला अर्ज, बातम्यांमधलं राजकारण, लाचखोरी याबद्दलचा राग खरा असतो, पण तो तिथल्या भाषेवर, कलेवर किंवा नात्यांवर काढण्याचं कारण नाही. तिथे रोज राहणारी माणसंही याच गोष्टींवर चिडलेली असतात. बातम्यांचा डोस मात्र मोजून घ्या. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी आणि लेखी स्वरूपात वाचल्या तर त्याच बातम्या कमी ओरबाडतात. दुरून आपल्याला फक्त संकटं आणि समारंभ दिसतात, मधला साधा मंगळवार दिसत नाही, हे लक्षात ठेवावं.

‘आठवणी’ सगळ्यात फसव्या. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली कल्चर शॉकबद्दल लिहिताना हेच नोंदवलं होतं: परक्या जागी त्रास सुरू झाला की मायदेश अवास्तव गोड दिसू लागतो, तिथल्या अडचणी विसरल्या जातात आणि बहुधा एकदा तिथे जाऊन आल्यावरच भान येतं. प्रत्येक गोड आठवणीला तीन प्रश्न विचारा. साल कोणतं होतं? तेव्हा माझं वय काय होतं? आणि त्यामागचे कष्ट कोण करत होतं? पुष्कळदा ओढ देशाची नसते, लहानपणाची असते, आणि ती तिकीट काढून भागत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत आई, आजी किंवा पगारी मदतनीस असं येतं. ते कळल्यावर आठवण खोटी ठरत नाही, पण तिचं माप बरोबर बसतं.

‘आपण स्वतः’ या ढिगात बहुधा अपराधीपणा निघतो, विशेषतः आई-वडील म्हातारे होत असतील तर. त्यावर चिंतनापेक्षा व्यवस्था लावणं जास्त उपयोगी. आठवड्यातले फोनचे वार ठरवा. भावंडांमध्ये कोण काय बघणार, हे बोलून लिहून ठेवा: पैसे, दवाखाना, कागदपत्रं. ऐनवेळच्या परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात असू द्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरण्याआधीच नूतनीकरण करा, कारण अनेक देशांत आणि विमान कंपन्यांकडे तेवढी मुदत मागतात. एवढं झालं की घरच्या फोनवरची निम्मी चिडचिड ओसरते. ती चिडचिड बरेचदा समोरच्यावर नसतेच, आपण तिथे नाही याची असते.

अंतर वेगळं, झगडा वेगळा

मानसशास्त्रज्ञ वेरोनिका बेनेट-मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००५ साली दोन संस्कृतींत वाढलेल्यांचा अभ्यास करताना एक मोलाचा फरक दाखवला. दोन संस्कृती एकमेकींपासून लांब वाटणं ही एक गोष्ट आणि त्या आपल्या आत भांडतात असं वाटणं ही दुसरी. झगड्याची जाणीव मुख्यतः माणसांमधल्या ताणातून येते: भेदभाव, टोमणे, बिघडलेले संबंध. म्हणजे घरी एका पद्धतीने आणि ऑफिसात दुसऱ्या पद्धतीने वागणं हा दुटप्पीपणा मानून स्वतःला छळू नका. कोणाच्या कोणत्या शेऱ्यानंतर झगडा सुरू होतो, ते नोंदींमध्ये शोधा.

परक्यांसमोर आणि घरच्यांसमोर

बाहेरच्याने टीका केली की आपण वकील होतो, घरच्यांनी कौतुक केलं की टीकाकार. दोन्हीकडे नंतर खोटेपणा टोचतो. यावर कामाचा नियम एकच: जे वाक्य दोन्ही खोल्यांत तसंच बोलता येईल, तेच बोला.

सहकाऱ्याने विचारलं, ‘तुमच्याकडे असंच असतं ना?’ तर उत्तरात माप घाला: कोणत्या भागात, कोणत्या थरात, कोणत्या काळात. ‘काही घरांत असतं, आमच्या घरात होतं, आता कमी होतंय’ हे वाक्य सत्यही आहे आणि आपल्या माणसांना कमी लेखतही नाही. सगळ्या देशाच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ‘मला एवढंच माहीत आहे’ म्हणून थांबता येतं.

घरच्यांसमोर ‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य पूर्ण बंद. ते माहिती म्हणून बोललं जातं, पण ऐकू येतं ते कमीपणा म्हणून. पटत नसेल तर तुलना न करता स्वतःबद्दल बोला: ‘मला हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारलेला आवडत नाही, आपण दोघं बोलू.’ पहिल्यांदा गप्पपणा येईल. पुढच्या वेळी तेच वाक्य त्याच शांतपणे पुन्हा म्हणावं लागतं.

मायदेशी भेट आखताना

तीन आठवड्यांची भेट असेल तर पहिले तीन दिवस कोणाकडे जायचं ठरवू नका. झोपेचं घड्याळ साधारणपणे दिवसाला एका टाइम झोनच्या गतीने जुळतं, आणि अर्धवट झोपेत झालेली मतं फार कडवट असतात. पुढे दिवसाला एकच घर. किमान एक दिवस पाहुणा म्हणून नको: कोणाबरोबर तरी त्यांच्या कामावर, बँकेत, भाजी आणायला जा. आणि तुम्ही गेल्यानंतर सुरू झालेली एखादी गोष्ट मुद्दाम पाहा, म्हणजे डोक्यातला जुना नकाशा अद्ययावत होतो.

भेटीहून परत आल्यावर सहा आठवडे ‘कायमचं परतायचं का’ हा निर्णय घेऊ नये, असा आमचा आग्रह आहे. कायमचं परतल्यावरही दुसऱ्यांदा जुळवून घ्यावं लागतं आणि त्यात मन खालावण्याचा खड्डा येऊ शकतो, हे जॉन आणि जीन गलाहॉर्न या अभ्यासकांनी १९६३ सालीच मांडलं. प्रत्येकाच्या बाबतीत तसं होत नाही, पण खड्डा आला तर तो निर्णय चुकल्याचा पुरावा समजू नये.

काय ठेवायचं, काय सोडायचं

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या चार वाटा सांगितल्या आहेत: जुनं-नवं दोन्ही धरणं, फक्त नवं, फक्त जुनं, किंवा दोन्ही सुटणं. सगळ्या आयुष्यासाठी एकच वाट निवडायला जाऊ नका. कामात नवं, म्हाताऱ्यांशी वागताना जुनं, मुलांच्या बाबतीत दोन्ही, असं चालतं. एखादी रीत ठेवायची का, हे ठरवताना ती काय साधते आणि तिचा भार कोणावर पडतो हे पाहा. माणसं एकत्र येत असतील पण सगळं काम एकीच्याच अंगावर असेल तर रीत ठेवा, काम वाटा. वर्षभर करून पाहा आणि मग ठरवा. मुलांसमोर मायदेशाची नुसती आरतीही नको आणि नुसत्या शिव्याही नकोत. भाषा मात्र रोजच्या वापरानेच टिकते, त्यासाठी ठरलेलं माणूस आणि ठरलेली वेळ लागते.

उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही तर हा संस्कृतीचा प्रश्न समजून वही लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा. छळ किंवा हिंसेमुळे देश सोडावा लागलेल्यांना भेटीबद्दलचा वरचा भाग लागू नाही. त्यांनी आधी सुरक्षितपणे बोलता येईल अशी एक-दोन माणसं जोडावीत आणि घरच्यांशी संपर्क ठेवताना त्यांच्यावर काही बेतणार नाही ना, हे पाहावं.