खुब्याचे दुखणे आणि उपचाराचा निर्णय
खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते आणि कधीकधी थेट गुडघ्यात उतरते, त्यामुळे घरची मंडळी बरेच दिवस माझ्या गुडघ्यालाच तेल चोळत होती. मांडी घालून जेवायला बसणे सुटले, पायाची नखे कापण्यासाठी वाकता येईना आणि रात्री कूस बदलताना जाग येऊ लागली, तेव्हा मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसले नाही, परंतु एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या गोलाचा, म्हणजे खुब्याच्या खोबणीत बसणाऱ्या वरच्या गोलाकार टोकाचा, रक्तपुरवठा खंडित झाल्याचे निदान झाले. गोल अद्याप खचलेला नसल्यामुळे सांधा न बदलता, हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया शक्य झाली. काठी मात्र दुखऱ्या बाजूच्या नव्हे, तर विरुद्ध हातात धरायची, हे फिजिओथेरपिस्टनी शिकवले. वेदनाशामक गोळ्यांपेक्षा मला त्याचाच उपयोग अधिक झाला.